फू चांगहाय हलला नाही

"कुनमिंगची तिकिटं काढलीत. परवा निघायचं," ह्वेइलानने नवऱ्याला जाहीर केलं. "पोराकडे ऊब तरी आहे. इथे शेनयांगच्या थंडीत हाडं गोठतील तुझी."

चांगहायला मुलाकडे हिवाळा काढणं म्हणजे शिक्षा वाटे. सून गॅलरीतसुद्धा सिगारेट ओढू देत नसे. "हिवाळ्यात जागचं हलू नये. शक्ती मूत्रपिंडात साठवायची असते," तो म्हणाला. "आमचे छीगोंगचे, श्वासाच्या व्यायामाचे गुरुजी सांगतात."

"असं? मग उद्या सातपासून तासभर बागेत हलल्या-बोलल्याशिवाय उभा राहून दाखव म्हाताऱ्या! आठला येते मी बघायला. जमलं तर तिकिटं परत."

सकाळी सातला चांगहाय बागेच्या फाटकाशी, भिंतीच्या आडोशाला उभा राहिला. छीगोंगचा पवित्रा: गुडघे किंचित वाकलेले, हात पिंपाला मिठी मारल्यासारखे.

पण नोव्हेंबरात म्हातारा माणूस भल्या सकाळी भिंतीशी गप्प उभा दिसला, की शेनयांगमध्ये त्याचा एकच अर्थ होतो: कोबीचा ट्रक येणार. हिवाळाभराचा कोबी घरात पडल्याशिवाय इथे कुणाला चैन पडत नाही. एक ढकलगाडीवाली बाई त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"काका, भाव काय निघालाय?"

काका गप्प.

"नका सांगू! आम्ही काय तुमच्या आधी घेणार आहोत?"

वीस मिनिटांत रांग कोपऱ्यापर्यंत गेली. बाजाराकडे निघालेल्या एका कोबीवाल्याने आयतं गिऱ्हाईक पाहून तिथेच ट्रक थांबवला.

"पहिला नंबर कुणाचा? काका, किती देऊ?"

"बहिरे दिसतात. द्या हातात!" बाई ओरडली.

कोबीवाल्याने चांगहायच्या मिठीत एक कोबी ठेवला, मग दुसरा. तिसरा हनुवटीखाली बसला. चांगहायच्या मांड्या लटलट कापत होत्या, पण पठ्ठ्या दात-ओठ खाऊन उभा. शेवटी शिव्या देत रांग त्याला वळसा घालून पुढे सरकली.

आठला ह्वेइलान आली. रांग दिसताच सवयीने शेपटाला उभी राहिली. ट्रकपाशी पोचून कोबी घेतला आणि मग तिला नवरा दिसला. तेव्हा साडेआठ वाजले होते.

"हा हलला का हो मधे?"

"हा?" अजून गाडीत कोबी रचत असलेली ढकलगाडीवाली कडाडली. "भूकंप झाला तरी हलायचा नाही मेला!"

ह्वेइलानला मनापासून कौतुक वाटलं. "जिंकलास बाबा. तिकिटं परत करते. आता हिवाळाभर इथेच राहायचं, तर शंभर किलो घेतलाय. चल, उचल. पाच जिने चढायचेत."

चांगहायने गुडघे सरळ करून पाहिले. होईनात. मग त्याने कोबीच्या ढिगाकडे पाहिलं.

"उद्याची गाडी," त्याने विचारलं, "किती वाजताची आहे?"