शंभराचा गठ्ठा

एक गोष्ट आधीच ठणकावून सांगते. त्या दिवशी जे झालं त्यात माझी काडीचीही चूक नव्हती! पहिलीला अंक शिकवावेत तर माझ्यासारखे, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

माझी पद्धत अगदी साधी. काड्या मोजायच्या, दहा झाल्या की रबरबँड लावून गठ्ठा करायचा. असे दहा गठ्ठे झाले की दोरीने बांधून शंभराचा मोठा गठ्ठा. उरतील त्या सुट्या. एकक, दशक, शतक, सगळं पोरांच्या हातात! नाहीतर ती पोपटपंची असतेच. एक ते शंभर धडाधडा म्हणणाऱ्या पोराला म्हणून बघा, ‘सतरा पेन्सिली आण बरं.’ मूठभर उचलून आणतं आणि आपल्याच तोंडाकडे बघत बसतं.

पण पालकांना पटेल तर शपथ! एका वकीलसाहेबांनी तर चक्क अर्ज ठोकला. ‘शेजारची मुलगी शंभरपर्यंत म्हणते आणि आमचे चिरंजीव अजून काड्याच बांधतात!’ मोठ्या बाईंनी लगेच सभा बोलावली. पालकांना पटलं नाही, तर पहिलीचा वर्ग माझ्याकडून काढून घेणार आणि मला पुस्तकांना कव्हरं घालायला ग्रंथालयात बसवणार! मी तीन वर्षं ती कव्हरं घातली आहेत हो. पुन्हा घालणार नव्हते.

सभा हॉलमध्ये होती. फरशीला नुकतंच पॉलिश झालेलं, म्हणून पायातलं सगळ्यांनी व्हरांड्यात काढायचं. मोठ्या बाई आणि मी धरून आम्ही चौसष्ट जण. माझी पोरं बाहेरच, शिपाईमावशींच्या ताब्यात. आत जाताना मी त्यांना काड्या, रबरबँडचा डबा आणि उड्या मारायची दोरी दिली आणि ऐटीत म्हटलं, “काड्या संपल्या तर दिसेल ते मोजा! मग सगळ्यांना दाखवू आपल्याला काय येतं ते!”

आत मी तासभर किल्ला लढवला. वकीलसाहेब एक बोलले की मी दोन बोलायची. शेवटी म्हटलं, “तोंडाची वाफ कशाला दवडायची? चला बाहेर, पोरंच दाखवतील!” आणि मोठ्या रुबाबात दार उघडलं.

अहो, व्हरांड्यात डोंगर! चपला, बूट, सँडल, दिसेल ते दहा-दहाने बांधलेलं, आणि असे दहा गठ्ठे एकावर एक रचून दोरीने करकचून आवळलेले. बाजूला दोन लहान गठ्ठे. आणि भिंतीशी सात सुट्या, शिस्तीत.

“पोरांना जमेना,” मावशी कौतुकाने म्हणाल्या, “म्हणून गाठ मीच मारून दिली!”

“हा माझा डावा बूट!” वकीलसाहेब ओरडले. “उजवा कुठाय?”

“मोठ्या गठ्ठ्यात,” भिंगरी म्हणाली. “मधोमध.” भिंगरी म्हणजे माझ्या वर्गातली सगळ्यात चळवळी पोरगी. एका जागी ठरेल तर ती कसली!

मोठ्या बाई लालबुंद! “बाई, आधी सगळ्यांची माफी मागा!”

“माफी? कशाबद्दल?” मी कमरेवर हात ठेवले. “आधी किती झाल्या ते तरी विचारा!”

“एक मोठा, दोन लहान, सात सुट्या,” भिंगरीने बोट नाचवत सांगितलं. “एकशे सत्तावीस!”

“चूक!” वकीलसाहेबांना तर उकळ्याच फुटल्या. “आपण चौसष्ट जण. चौसष्ट दुणे एकशे अठ्ठावीस! आणि जोडीजोडीने काढलेल्या चपलांची संख्या विषम येईलच कशी? बघा यांची पद्धत!”

मला तर कव्हरांच्या खळीचा वासच आला! पण माघार घेईन ती मी कसली? “माझी पोरं चुकायची नाहीत! चुकली असतील तर ही मी निघाले ग्रंथालयात!”

मोठ्या बाई स्वतः मोजायला वाकल्या. तेवढ्यात हॉलमधून खट् खट् आवाज आला आणि कुबड्या टेकत एक ड्रायव्हरकाका, तेही पालकच, बाहेर आले. एका पायाला गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर!

“बाई,” ते संकोचून म्हणाले, “माझा एकच बूट असेल हं त्यात.”

मग अशा टाळ्या पडल्या म्हणता! वकीलसाहेबांनीही दोन वाजवल्या, बारीक आवाजात का होईना. मोठ्या बाई म्हणाल्या, “पहिलीचा वर्ग तुमच्याकडेच राहील.” मला तर रडूच फुटलं. खोटं कशाला बोलू?

“चला, आता आपापल्या चपला घ्या,” मोठ्या बाई म्हणाल्या. सगळे वाकले, आणि भिंगरी हात पसरून डोंगरासमोर उभी! तिच्यामागे बाकीची तीस पोरं.

“गठ्ठ्याला हात नाही लावायचा! गठ्ठा सोडायचा नसतो! पाहिजे तर सुट्यांतल्या घ्या!”

सुट्या सात, आणि त्या सातांत एक जोडी असेल तर शप्पथ!

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “गठ्ठा सोडायला कधी शिकवणार?”

“वजाबाकीत.”

“आणि वजाबाकी?”

“दुसऱ्या सत्रात,” मी पुटपुटले.

मग काय करता? दुसरं सत्र तिथेच व्हरांड्यात सुरू केलं. एककात कमी पडलं की दशक सोडायचं, दशकात कमी पडलं की शतक सोडायचं. एकेक पालक पुढे यायचा, पोरं हातच्याचा हिशोब करून चपला द्यायची, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून! दीड तासाने वकीलसाहेबांना उजवा बूट मिळाला.

तोवर मोठ्या बाईंनी माझ्या वहीत शेरा लिहिला होता: ‘पद्धत उत्तम. मात्र वजाबाकी बेरजेच्या आधी घ्यावी.’

बेरजेच्या आधी वजाबाकी? जगात कुणी शिकवतं का हो? मी तिथल्या तिथे भांडणारच होते! पण शेरा लिहिताना मोठ्या बाई अनवाणी होत्या. वाचताना मीही.