मुनशीजींचं पाणी

कोणताही बेत कानावर आला की मुनशी रहमतुल्ला एकच प्रश्न विचारत. सभा असो, लग्न असो की परगावी झालेली बदली असो. मान थोडी तिरपी करून ते समोरच्याचं सगळं ऐकून घेत आणि मग म्हणत, "ते झालं. पानी पाह्यलं का?"

हेडमास्तर आबासाहेबांनी एकदा कमिटीपुढे सांगितलं, की संस्कृत नाटकावरचा निबंध वाचायला दीड तास तरी लागेल. मुनशीजी म्हणाले, "लागू द्या. मधात पानी पाह्यलं का?" माझ्या पुतणीला बाळापूरकडचं स्थळ आलं तेव्हा मी मुलाचं शिक्षण, शेती, घराणं सगळं त्यांना सांगितलं. "पोरगा चांगला हाय," ते म्हणाले, "पन पोरीले पानी कितीक दुरून आनाव लागन?" आम्ही हसलो. लग्न झाल्यावर कळलं, विहीर अर्ध्या कोसावर होती.

ही गोष्ट कापसाच्या तेजीतली. अमेरिकेत लढाई पेटली होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता. त्यामुळे वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. त्याच दिवसांत अकोल्याला विद्वानांची आणि शाळामास्तरांची सभा भरवायचं ठरलं. पाहुणे पुण्याहून आणि नागपूरहून यायचे होते. बेत आखण्यासाठी दर रविवारी अमरावतीत आबासाहेबांच्या ओसरीवर कमिटी बसे. मी एका साप्ताहिकाचा बातमीदार, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. गुणवंतराव पाटलांनी गाड्या द्यायचं कबूल केलं. कापसाच्या पैशातून त्यांनी बसायच्या गाडीच्या, दमणीच्या, चाकांवर चांदीच्या पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या आणि त्या विद्वानांनी पाहाव्यात अशी त्यांची फार इच्छा होती. एरवी त्या हंगामात गाडी मिळणं शक्यच नव्हतं. कापूस भाडं देत होता, विद्वान देत नव्हते.

मुनशीजी आबासाहेबांच्या शाळेत फारसी शिकवत. ओसरीच्या टोकाला त्यांच्यासाठी वेगळी सतरंजी असे. पाहुण्यांना आसपासची स्थळं दाखवण्याचं काम दुसऱ्या कोणाला नको होतं, म्हणून ते त्यांच्याकडे गेलं.

आबासाहेबांनी स्थळ सुचवलं ते पूर्णेच्या खोऱ्यातल्या मिठाच्या विहिरींचं. अकोल्याच्या उत्तरेला तो सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. तिथल्या काही विहिरींचं पाणी आटवून लोक मीठ काढत. पुण्याच्या मंडळींना हे नवल वाटेल, असं आबासाहेबांचं म्हणणं.

"नवल तर वाटनच," मुनशीजी म्हणाले. "पन प्यासाठी पानी पाह्यलं का?"

या वेळी कोणी हसलं नाही. प्रश्न रास्त होता.

मग पाणी पाहायला मुनशीजी आणि मी निघालो. पाटलांची दमणी होती आणि बैल हाकायला स्वतः पाटील. वाटेत विहीर आली की मुनशीजी गाडी थांबवत आणि स्वतः मात्र दूर बाभळीखाली उभे राहत. विहिरीच्या कठड्यावर ते चढत नसत. तसा रिवाज होता. रिवाजच असल्यामुळे त्याविषयी कोणी बोलत नसे. तिथूनच ते ओरडत, "अखबारवाले, तुमी प्या अन् सांगा."

मी पीत असे. खारं. मचूळ. बरं. पुन्हा खारं. दुपारपर्यंत माझ्या पोटात निम्मा तालुका जमा झाला.

"तुम्ही नाही पीत?" मी विचारलं.

"माह्यं झालं," ते म्हणाले.

एका विहिरीवर पाटलांनी बैलांपुढे घमेलं ठेवलं. बैलांनी पाणी हुंगलं आणि तोंड फिरवलं. "माह्ये बैल लाडाचे हायेत," पाटील कौतुकाने म्हणाले. "खाऱ्या पान्याले तोंडबी लावत नाहीत."

"मंग पाटील, यातला एक बैल कमिटीत घ्या ना," मुनशीजी म्हणाले. "अखबारवाल्यांचं पोट तरी वाचन."

गोडं पाणी शेवटी सापडलं ते पाटलांच्याच शेतात, मिठाच्या विहिरींच्या पलीकडे. विहीर खोल होती, पण पाणी चांगलं. मी बाभळीकडे पाहून हात वर केला तेव्हा मुनशीजींनी डोळे मिटून अल्लाचे आभार मानले. पाटलांना त्यांनी पुन्हापुन्हा बजावलं, "त्या दिवशी दोर अन् पोहरा जाग्यावर पायजे. सकाळपासून."

"हाय तं, मुनशीजी. काहून इतकी काळजी करून राहिले?"

मुनशीजी गाडीत जाऊन बसले. परतताना मी तेच विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या तरुणपणी त्यांचे एक हिंदू मित्र उन्हातून चालत त्यांच्या दारी आले. मुनशीजींच्या आईने कटोराभर पाणी आणलं. पाहुणे हात मागे बांधून उभे राहिले.

"अम्माले वाटलं, पानी गरम असन म्हनून घेत नाहीत. अम्मा म्हने, ठंडं हाय बेटा, ठंडं हाय. त्याले नाही म्हनवे ना, अन् घेववे ना. तो शरमला, अम्मा शरमली, अन् मधात मी." ते म्हणाले. "तो मानूस पुन्हा आला नाही. वाईट नव्हता. शरमेनं आला नाही. तवापासून मी ठरवलं, आपल्या हातचं काम असन तं कोनावर 'नको' म्हनाची पाळी येऊ द्यायची नाही. पानी पयलेच पाहून ठेवाचं."

अकोल्याला त्यांच्या बहिणीचं घर होतं. तिथे मागच्या अंगणात विहीर होती आणि तिच्याइतकं गोडं पाणी अख्ख्या अकोल्यात नाही, असं ते सांगत. आमच्या पाहणीतली तेवढी एक विहीर मी चाखलेली नाही. त्यांनी प्या म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सभा फाल्गुनात भरली. निबंध झाले, वादही झाले. शेवटच्या दिवशी पहाटे गाड्या मिठाच्या विहिरींकडे निघाल्या. पाहुण्यांत पुण्याचे एक वयोवृद्ध शास्त्रीबुवा होते. स्वभावाने मऊ, बोलायला हौशी, उन्हाची सवय नसलेले. पाटलांच्या चाकांची चांदी त्यांनी वाकून पाहिली आणि "वा," म्हणाले. पाटलांचा दिवस तिथेच सार्थकी लागला.

वाटेसाठी एका ब्राह्मण आचाऱ्याच्या ताब्यात पाण्याच्या घागरी दिल्या होत्या. मुनशीजींच्या हिशेबाने त्या दुपारपर्यंत पुरायच्या. पण मिठाच्या विहिरी पाहून झाल्यावर विद्वानांच्या हातापायांना खार लागला. त्यांनी पाय धुतले, तोंडं धुतली, चुळा भरल्या. मुनशीजी दुरून म्हणाले, "जरा जपून, साहेब." त्यावर एक जण म्हणाले, "पुढे गोडी विहीर आहे ना? तुम्हीच सांगितलंत." घागरी पालथ्या झाल्या.

आम्ही पाटलांच्या शेतात पोचलो. विहीर जागेवर होती. दोर नव्हता.

पाटलांच्या सालदाराने आदल्या दिवशी तो कापसाचे गठ्ठे बांधायला नेला होता. त्या हंगामात बाजारात दोर मिळत नव्हता आणि गठ्ठे थांबत नव्हते. पाटील कपाळाला हात लावून म्हणाले, "मेलो!" आणि गड्याला गावाकडे पळवलं. दरम्यान बैलांचे कासरे जोडून पोहरा सोडून पाहिला. तो पाण्याच्या बराच वर लोंबकळत राहिला. उपरणी जोडावीत अशी सूचना निघाली. कोणाचं उपरणं आधी, यावर विचारविनिमय सुरू झाला.

शास्त्रीबुवा बाभळीखाली बसले होते. त्यांचा चेहरा उतरला होता, ओठ पांढरे पडले होते. समोर मुनशीजींची गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेला घडा होता. मुनशीजींनी तो पहाटे बहिणीकडून भरून आणला होता, स्वतःसाठी. फडक्यातून थेंब पडत होते. शास्त्रीबुवा त्या थेंबांकडे पाहत होते.

हळूहळू सगळेच तिकडे पाहू लागले. उपरण्यांची चर्चा थांबली. आबासाहेब माझ्याकडे पाहू लागले, मी पाटलांकडे, पाटील जमिनीकडे. शास्त्रीबुवांनी मान वर केली, मुनशीजींकडे पाहिलं आणि त्यांचे दोन्ही हात उपरण्याआड गेले.

मुनशीजी पुढे आले.

"माफ करा, शास्त्रीजी," ते म्हणाले. "घड्यात पानी हाय, पन खारं हाय. मानसाच्या कामाचं नाही. बैलांसाठी आनलं व्हतं."

त्यांनी घडा उतरवला, फडकं सोडलं आणि सगळं पाणी पाटलांच्या बैलांपुढे घमेल्यात ओतलं.

बैलांनी मान खाली घातली. ते प्याले. मध्ये एकदाही तोंड न उचलता त्यांनी घमेलं संपवलं आणि मग तळही चाटला. शास्त्रीबुवांनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं. "ऊन फार आहे," ते म्हणाले.

थोड्या वेळाने गडी दोर घेऊन आला. आचाऱ्याने पाणी काढलं. विद्वान प्याले, पाणी उत्तम असल्याबद्दल त्यांचं एकमत झालं आणि सभेतलं ते पहिलंच एकमत होतं. शास्त्रीबुवा शेवटी प्याले. मग त्यांनी तांब्या पुन्हा भरून घेतला, तो दोन्ही हातांत धरला आणि ते मुनशीजींच्या गाडीकडे चालू लागले. अर्ध्या वाटेवर त्यांची पावलं मंदावली. पुढे काय करायचं, हे त्यांचं ठरलं नव्हतं.

ते ठरवण्याची पाळी मुनशीजींनी त्यांच्यावर येऊ दिली नाही.

"माह्यं झालं, शास्त्रीजी," ते गाडीतूनच हसून म्हणाले. "तुमी बसा. उशीर हुईन."

शास्त्रीबुवा तांब्या घेऊन तिथेच उभे राहिले. मग त्यांनी ते पाणी रिकाम्या घमेल्यात ओतलं. बैल तोवर जुंपले होते.

गाड्या परतीला लागल्या. अकोल्याचे दिवे दिसू लागले तेव्हा मुनशीजींनी शेजारच्या गाडीतून मला हाक मारली.

"अखबारवाले, पुढच्या साली मंडळीले कुठं न्याचं, ठरलं का? आतापासून पानी पाहा लागन."

बोलताना त्यांचे ओठ एकमेकांना चिकटत होते.