सगळं सांगणारे दाबके

आमच्या हर्नडन गावातल्या ग्रोसरी स्टोअरमध्ये काउंटरवरची मुलगी "हाऊ आर यू?" म्हणाली की आपण "गुड" म्हणतो आणि कार्ड पुढे करतो. दाबके तसं करत नाहीत. कालपासून पोट बिघडलंय आणि क्रेडिट कार्डांचे अकरा हजार डॉलर फेडायचे राहिलेत, हे ते तिला सांगतात. मागची रांग माना उंचावून बघते.

दाबके आमचे शेजारी. पन्नाशी उलटलेली, पार्सिपनीहून इकडे आलेले, बायको वारलेली. तिच्याबद्दल आम्हाला तेवढंच ठाऊक होतं.

खरेपणाचं हे वेड जुनं नाही. त्यांच्या कंपनीला एक गोपनीय सरकारी काम मिळालं. ते करायचं तर सरकारचा क्लिअरन्स, म्हणजे माणूस भरवशाचा असल्याचा परवाना, लागतो. त्या फॉर्मवर प्रश्न होता, कुठलं कर्ज थकलंय का? दाबक्यांनी लिहिलं, नाही. थकलेलं होतं, आणि चौकशीत ते निघालंच. क्लिअरन्स अडकला, सुनावणी लागली. नाकारला गेला असता तर नोकरीही गेली असती. त्या दिवसापासून दाबक्यांनी खोटं बोलणं सोडलं, अगदी शिष्टाचाराचंसुद्धा.

"वहिनी, आधीच सांगून ठेवतो," आमच्याकडे जेवताना ते माझ्या बायकोला म्हणाले, "मागे तुमची बासुंदी छान झाली म्हणालो, ते खोटं होतं."

"मग तीन वाट्या कशा संपवल्या?"

"संकोचाने."

"संकोचाने माणूस एक वाटी खातो, भावजी!"

सरकारची गुपितं सांभाळायला मिळावीत म्हणून या माणसाने स्वतःचं एकही गुपित शिल्लक ठेवलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

सुनावणीला त्यांनी मला साक्षीदार म्हणून नेलं. मी आकड्यांचा माणूस. परतफेडीचे कागद स्वतः तपासले होते. हप्ते बांधून घेतल्यापासून दोन वर्षांत एकही चुकला नव्हता, तेवढंच सांगून मी बसलो.

मग जजबाईंनी दाबक्यांना विचारलं, "मुळात हे कर्ज झालं कशाने? आणि लपवलंत का?"

दाबके समोरचे कागद सरळ करत बसले. वकील त्यांच्याकडे बघतोय, मी बघतोय. मनात म्हटलं, अहो, काउंटरवरच्या पोरीला पोटाचं सांगता, इथे बोला की!

"बायकोच्या आजारपणात झालं," ते शेवटी म्हणाले. "त्यातच माझी नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर इन्शुरन्सही गेला. आजाराचं कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिने बजावलं होतं. कर्ज दाखवलं असतं तर कारणही सांगावं लागलं असतं. ती गेल्यावरही शब्द मोडवेना." मग जजबाईंकडे बघून म्हणाले, "खोटं मी लिहिलं. त्यात तिचा काही दोष नाही. एवढं नीट नोंदवून घ्या."

क्लिअरन्स मिळाला. कळलं त्याच संध्याकाळी ते पेढे घेऊन आले. बायकोने कॉफी दिली. एक घोट घेऊन म्हणाले, "सुमन यात जायफळ घालायची."

तिचं नाव आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. मग ते थांबेनातच. सुमन गाणी म्हणत ड्राइव्ह करायची, सुरात असली की हायवेवरून उतरायची एक्झिट चुकायची, आणि चुकली की भांडायची यांच्याशीच. त्यांनी फोन काढला आणि फोटो दाखवायला माझ्या शेजारी येऊन बसले. समोरची कॉफी गार झाली.

बायको दुसरी करायला उठली. आतून तिने विचारलं, "भावजी, जायफळ किती घालू?"

"कोण जाणे, वहिनी," दाबके हसले. "मला तिने कधी करूच दिली नाही."