गळतीचा उगम वरच्या मजल्यावर

पाणी वरून खाली येतं आणि दोष खालून वर जातो. कोणतीही इमारत या दोन नियमांवर उभी असते. पहिला नियम निसर्गाने केला; दुसरा संस्थेच्या वार्षिक सभेत बहुमताने मंजूर झाला.

दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरमास्तरांच्या स्वयंपाकघरात ओल आली तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज केला. संस्थेची गळतीशोध उपसमिती होतीच. पाच सभासद, एक फाइल, एक टॉर्च (सेल मंजुरीसाठी ठेवले आहेत). समितीत प्लंबर घ्यायचा नाही असा ठराव होता. त्याला त्या विषयातलं कळतं, त्यामुळे तो निःपक्षपाती राहू शकत नाही. नऊ वर्षांत समितीने अकरा गळत्यांचा छडा लावला आणि अकराही वेळा उगम वरच्या मजल्यावर निघाला. त्यातली एक गळती गच्चीवरची होती (प्रकरण संबंधित खात्याकडे पाठवलं आहे; आकाश नेमकं कोणत्या खात्याकडे येतं हे कळलं की उत्तर येईल).

मास्तरांना मात्र घाई होती. ओल आली होती ती ओट्यावरच्या भिंतीला, आणि त्या भिंतीवर त्यांच्या बायकोचं अक्षर होतं. शेवटच्या आजारपणात तिने खुर्चीत बसून पेन्सिलीने सगळा स्वयंपाक तिथे लिहून ठेवला होता.

"अगं, वहीत लिही की," मास्तर म्हणाले होते.

"वही तुम्ही हरवाल. भिंत कुठे नेऊन ठेवाल?"

एकूण चौदा ओळी. वर भात, मग डाळ, मग अंडं ('दहा मिनिटं. घड्याळाकडे बघा, अंड्याकडे नको'), खाली भाज्या आणि अगदी तळाला तळण. अर्ज पोहोचेपर्यंत तळाच्या दोन ओळी गेल्या. मास्तरांनी तळलेलं खाणं सोडलं. डॉक्टरांनी त्यांच्या निग्रहाचं कौतुक केलं.

समितीने पाहणी केली. पाचही जणांनी भिंतीला हात लावून ती ओली असल्याची खात्री केली. मग रंगीत पाण्याची चाचणी ठरली. तिसऱ्या मजल्यावर लाल पाणी ओतायचं, चौथ्यावर निळं. जो रंग मास्तरांच्या भिंतीवर उतरेल तो मजला दोषी. कोणाची गैरसोय नको म्हणून पंधरा दिवस आधी नोटीस लावली. तेवढ्या वेळात चौथ्या मजल्याने न्हाणीघराला नवी फरशी घातली आणि तिसरा मजला बहिणीकडे राहायला गेला. जाताना तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात म्हणाल्या, "आमच्याकडून गळती? अहो मास्तर, आमच्या नळाला धड पाणी येत नाही, तुमच्या भिंतीला कुठून देऊ?"

चाचणीच्या दिवशी भिंतीवर ना लाल उतरलं ना निळं. समितीने निष्कर्ष काढला की पाणी याहूनही वरून येत असावं. तोवर भाज्या संपून ओल अंड्याच्या खाली येऊन टेकली होती.

शेवटी मास्तरांच्या लेकीने प्लंबर आणला. त्याच्याकडे ना फाइल होती ना रंग. त्याने मान वर केली.

"छत कोरडं ठणठणीत आहे, मास्तर. ओल खालून वर चढतेय. हे कोणी बघितलं नाही?"

कोणी बघितलं नव्हतं. समितीच्या कार्यकक्षेत भिंत होती, छत नव्हतं.

प्लंबरने घरातले सगळे नळ बंद केले आणि मास्तरांना मीटर दाखवला. काटा निवांत फिरत होता. "पाइप तुमचाच आहे. याच भिंतीत. फुटलाय तळाशी, पण बदलायचा तर इथपर्यंत उघडावा लागेल." त्याने खडूने चौकोन आखला. चौकोनात अंडं होतं, डाळ होती आणि निम्मा भात होता.

मास्तरांनी चाळीस वर्षं कापडावर खडू चालवला होता. खडू पडला की मागून कात्री येते, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

"जरा बाजूला नाही का फोडता येणार?"

"पाइप बाजूला नाही ना."

"बाबा, मोबाईलवर फोटो काढू," लेक म्हणाली.

मास्तरांनी भातावरून बोट फिरवलं. "दोन वाट्या पाणी, इथे तिने पेन्सिल दाबलीय बघ. बोटाला लागतं. फोटोत कसं लागेल?"

भिंत फोडली तर अक्षर आज जाणार, नाही फोडली तर सहा महिन्यांत. मास्तरांनी प्लंबरला चहा पाजला आणि ओल्या फडक्याने खडू पुसला. अक्षराला धक्का न लावता, हळूहळू, अर्धा तास.

आठवड्याने पहिल्या मजल्यावरच्या बाई जिना चढून आल्या.

"मास्तर, आमचं छत गळतंय हो. पलंगावर पातेलं ठेवून झोपतोय आम्ही. पोराचं पांघरूण भिजतंय. तुमच्याकडून तर नाही ना?"

सदरा घट्ट झाला तर गिऱ्हाइकाचं पोट सुटलं असं न म्हणता माप चुकलं असं म्हणणारा हा माणूस. तो दारात उभा राहिला, अर्धं दार लोटून.

"नाही हो बाई. वरून येतंय ते. समितीने बघितलंय."

समितीने याला लगेच दुजोरा दिला. मास्तरांच्या पाण्याचा उगम वर आहे हे आधीच सिद्ध झालेलं असल्याने त्यांचा मजला हा उगम नसून केवळ वाटेतला मुक्काम ठरतो. मास्तरांची आणि बाईंची धरून छडा लागलेल्या गळत्यांची संख्या आता तेरा झाली आहे. बाईंनी दुसरं पातेलं घेतलं आहे.

मास्तर चुकले, यात वाद नाही. तुम्ही त्यांच्या जागी असता तर भिंत फोडली असती, यातही नाही. फक्त तुम्ही बसला आहात त्या फरशीखाली कोणाचं तरी छत आहे, आणि तिथलं माणूस मध्यंतरी तुमच्या दारात येऊन गेलं. त्याला तुम्ही काय सांगितलंत हे समिती विचारत नाही, ते तिला पाठ आहे. तुमच्या घरातली फोडायची नसलेली भिंत कोणती, एवढंच फॉर्ममध्ये भरून द्या. सोबत कारण जोडायची गरज नाही. ते प्रत्येकाचं खरंच असतं.