डिझेल पितंय कोण?

खांबेटे काकांनी मला पहिल्यांदा गाडीत घेतलं, तेव्हा आधी माझं वजन केलं.

ही पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मला स्वारगेटला जायचं होतं आणि रिक्षा मिळत नव्हती. काका म्हणाले, "चला, सोडतो. पण एक मिनिट." घरात जाऊन ते वजनाचा काटा घेऊन आले आणि पार्किंगच्या फरशीवर ठेवला. मला वाटलं थट्टा चाललीय, म्हणून मी हसत हसत चढलो. काकांनी वाकून आकडा वाचला.

"अठ्ठ्याहत्तर. दिसत नाही तुम्ही तेवढे, देसाई. बॅगेत काय आहे?"

"लॅपटॉप आणि डबा."

"डबा इथेच खाऊन घेता का?"

"काका, खाल्ला तरी वजन तेवढंच राहील ना?"

काकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. "विचार करता तुम्ही. बसा."

खांबेटे काका आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतात, मी त्यांच्या बरोबर वर. सिंहगड रस्त्याला आतल्या बाजूला आमची इमारत आहे. काकांचा जन्म मात्र शनिवार पेठेतला, आणि बोलणं अजून तिथलंच. सगळी नोकरी एका कारखान्याच्या खरेदी विभागात झाली. समोरचा माणूस आपल्याला फसवायलाच आलाय, असं धरून चालण्याचा पगार त्यांना मिळत होता. निवृत्तीनंतर पगार थांबला, काम चालू राहिलं. दूधवाला, इस्त्रीवाला, केबलवाला, सगळ्यांना त्यांचा एकच सवाल असतो: "कारण द्या." लिफ्ट बंद पडली, कारण द्या. पेपर उशिरा आला, कारण द्या. एकदा मी त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला गेलो, तर म्हणाले, "गेल्या वर्षी नव्हतात आलात. यंदा काय काम काढलंत?"

निवृत्त झाल्यावर या माणसाने डबल केबिनची भलीथोरली पिकअप घेतली. सुमनकाकूंना त्यांच्या माहेराकडून खडकवासल्याच्या पुढे थोडी जमीन मिळाली आहे. तिथे काकूंनी पेरू आणि सीताफळं लावली. खत न्यायचं, फळं आणायची, म्हणून ही गाडी. आमच्या पार्किंगमध्ये ती मावत नाही. तिचं नाक पिवळ्या रेषेच्या बाहेर येतं आणि शेजारच्या दोन गाड्या अडतात. म्हणून तिची दुसरी किल्ली वॉचमन शंकरकडे असते. कुणाला बाहेर पडायचं झालं की तो पिकअप मागेपुढे करून देतो.

एवढी अवजड गाडी, पण काकांची जिद्द अशी की तिने लिटरला बारा दिलेच पाहिजेत. त्यासाठी त्यांनी टपावरचं कॅरिअर काढून टाकलं, कारण ते वारा अडवतं. मागच्या हौद्यावर ताडपत्री इतकी ताणून बांधली की तिच्यावर कॅरम खेळावा. हवा भरणाऱ्यावर विश्वास नाही, म्हणून हवा मोजायचं यंत्र स्वतःचं. पंपावर गेले की ते खाली उतरून मीटरसमोर असे उभे राहायचे, जणू तिथला मुलगा नळीतून डिझेल नाही, त्यांचं रक्त काढतोय. सिग्नल लांबून लाल दिसला की पाय उचलायचा आणि गाडी आपोआप मंदावू द्यायची. "ब्रेक म्हणजे काय, देसाई? आधी विकत घेतलेला वेग फेकून देणं." मागून लोक हॉर्न वाजवायचे. काका आरशात बघून म्हणायचे, "वाजवा. तुमचं डिझेल, तुमची बॅटरी."

एकदा तर वजन कमी करायला त्यांनी स्टेपनीच काढून घरी ठेवली. मग व्हायचं तेच झालं. डोणजे फाट्याजवळ टायर बसला आणि काकू शांतपणे पेरूच्या करंडीवर बसून राहिल्या. काका टायरला विचारत होते, "आजच कसा बसलास? कारण दे." काकू मुळात कमी बोलतात. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "कारण घरी राहिलंय. गॅलरीत."

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, गाडीचं मायलेज घसरलं.

बाराचं अकरा झालं, मग दहा. काकांची झोप उडाली. ते संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले. "देसाई, डिझेल कोणीतरी पितंय."

"काका, गाडी जुनी झालीय."

"एका महिन्यात म्हातारी होते का गाडी?" मग माझ्याकडे डोळे बारीक करून म्हणाले, "तुमची पण डिझेलचीच ना?"

मी त्यांना माझी पेट्रोलची टाकी उघडून दाखवली तेव्हा कुठे माझं नाव वगळलं गेलं. मग पंप बदलला. मेकॅनिक बदलला. टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. आकडा आणखी खाली गेला. आता काका जिन्यात भेटेल त्या माणसाच्या हाताचा वास घ्यायचे. वरकरणी नमस्कार, आत तपासणी. खरं सांगतो, त्यांचा संशय सर्दीसारखा पसरतो. मलाही वाटायला लागलं की काहीतरी गडबड आहे.

मीच त्यांना सुचवलं, "गाडी लावताना किलोमीटरचा आकडा बघून ठेवा. गाडी कुणी हलवत असेल तर कळेल."

काका खूश झाले. "पण आकडा तुम्ही वाचायचा," ते म्हणाले. "साक्षीदार पाहिजे." मी काचेतून वाचला आणि मोबाइलवर फोटो काढला. दोन दिवस गाडी बाहेर गेली नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर आकडा पुढे सरकलेला. फार नाही, पण पार्किंगमध्ये मागेपुढे करून होईल त्यापेक्षा बराच जास्त.

"किल्ली कुणाकडे असते?" काकांनी विचारलं. उत्तर दोघांनाही माहीत होतं.

शंकर मूळचा पानशेतकडचा. पूर्वी दुधाचा टेम्पो चालवायचा. चाळिशीचा, साधा, सगळ्यांच्या मुलांना नावाने ओळखणारा. काकांनी त्याला गेटपाशीच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर गाठलं.

"शंकर, माझी गाडी कोण चालवतं?"

शंकर खाली बघायला लागला. "काका, म्या डिझेल काढल्यालं न्हाई. शप्पथ हाय."

"मी डिझेलचं विचारलंच नाही. गाडी कोण चालवतं?"

"ते मला सांगता यायचं न्हाई."

"यायचं नाही म्हणजे? कारण दे!"

"शब्द दिलाय कुणाला तरी."

काका माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर विजय होता. "टोळी आहे, देसाई." रविवारी कमिटीची बैठक होती. तिथे शंकरला काढून टाकायची मागणी ते करणार होते, आणि त्यांचा आवाज असा की कमिटी नाही म्हणाली नसती. शंकरने हे ऐकलं, मान हलवली आणि जाऊन पाण्याचा पंप चालू केला. त्या हलवलेल्या मानेने मी अस्वस्थ झालो. चोर असा वागत नाही. मी काकांना म्हटलं, "बैठकीआधी एकदा प्रत्यक्ष बघू. पुरावा असू द्या."

पुरावा हा शब्द काकांना जिलबीपेक्षा प्रिय.

शनिवारी दुपारी त्यांनी झोपायला गेल्याचं नाटक केलं. काकू भाजी आणायला बाहेर पडल्या, तसे ते मागच्या जिन्याने माझ्याकडे वर आले. माझ्या गॅलरीतून इमारतीमागचा मोकळा प्लॉट दिसतो. तिथलं बांधकाम कधीचं अडकून पडलंय. आम्ही दोघे वाळत घातलेल्या चादरीमागे खुर्च्या टाकून बसलो. काका चहा नको म्हणाले, कारण कपाचा आवाज होतो.

थोड्या वेळाने ओळखीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. पिकअप कोपऱ्यावरून वळून प्लॉटमध्ये शिरली. आचके देत पुढे आली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली, आणि आमच्या अगदी खाली येऊन थांबली. दोन मजल्यांचं अंतर. स्वच्छ ऊन.

काकांनी माझा दंड धरला. "बघा! तो बघा, स्टीअरिंगवर बसलाय हरामखोर! शंकरच! आता बोला!"

मी खाली पाहिलं. शंकर डावीकडच्या सीटवर बसला होता. एक हात हँडब्रेकवर आणि चेहऱ्यावर देवाचा धावा. स्टीअरिंगवर काकू होत्या. निळी साडी, पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकाच्या टोकावर, दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरलेलं.

"काका," मी म्हणालो, "त्या काकू आहेत."

"कुठे?"

"स्टीअरिंगवर."

ते कठड्यावर वाकले. मान एकदा तिरकी करून बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. आपल्या बायकोला ओळखायला एवढा वेळ लागत नाही कुणाला. आकडा मला का वाचायला लावला होता, ते तेव्हा लक्षात आलं.

"काका, तुम्हाला दिसत नाहीये का?"

त्यांनी खालच्या इंजिनकडे कान दिला. मग एकदम ओरडले, "सुमन! क्लच पूर्ण दाब!"

खाली गाडी पुन्हा बंद पडली.

आम्ही उतरून प्लॉटमध्ये गेलो. शंकर दार उघडून लांब जाऊन उभा राहिला. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"कधीपासून चाललंय हे?" काकांनी विचारलं.

"दिवाळीपासून. शिकाऊ लायसन काढलंय मी. चोरून नाही चालवत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला सांगितलंत?" काकूंचा आवाज चढला नाही. "बागेत जाताना रस्त्यात म्हैस उभी होती. अख्खी म्हैस. मी ओरडले म्हणून थांबलात. आणि वर मलाच म्हणालात, तुझ्यामुळे ब्रेक मारावा लागला, मायलेज गेलं. त्या दिवशी कळलं मला."

मी चाळीस वर्षांचा माणूस, पण मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"डॉक्टरकडे गेला होतात ना?" काकूंनी विचारलं. "हवा तपासून येतो म्हणालात आणि रिक्षाने गेलात. हवा तपासायला रिक्षाने कोण जातं?"

"गेलो होतो," काका अखेर म्हणाले. "डोळ्याच्या पडद्याचं आहे. मधलं पुसट होत जाणार. गाडी चालवू नका म्हणाले."

"मग?"

"मग काय? गाडी बंद म्हणजे तुझी बाग बंद. बसने जाणार का खताची पोती घेऊन?" ते बॉनेटकडे बघून बोलत होते. "म्हटलं, हळू चालवू. लोकांना वाटेल म्हातारा डिझेल वाचवतोय."

"आणि माझ्यासकट कुणाला उडवलं असतंत तर?"

काकांनी खिशातून स्वतःची किल्ली काढली आणि खिडकीतून काकूंच्या मांडीवर ठेवली. मग ते शंकरकडे वळले. तो भिंतीपाशी टोपी हातात घेऊन उभा होता.

"शंकर, माझं चुकलं."

"र्‍हाऊ द्या काका."

"राहू देणार नाही. सगळ्यांसमोर तुला बोललो, उद्या बैठकीत सगळ्यांसमोर माफी मागेन." मग म्हणाले, "तू हिचं नाव का नाही घेतलंस? नोकरी गेली असती."

"काकू म्हणल्या, त्यांना कळलं तर ते घरात बसून र्‍हातील. माझा बा असाच बसला हुता, डोळं गेल्यावर."

दुसऱ्या दिवशी बैठकीत काकांनी खरोखर माफी मागितली. लोकांना वाटलं त्यात काहीतरी डाव आहे. त्यांनी काकांकडे कारण मागितलं. ते काही काकांनी दिलं नाही.

काकूंना पक्कं लायसन दुसऱ्या खेपेला मिळालं. पहिल्या वेळी काका परीक्षकाशीच भांडले होते, म्हणून दुसऱ्या वेळी काकूंनी त्यांना घरी ठेवलं. गाडी आता लिटरला नऊ देते. काकू सिग्नलपर्यंत जोरात जातात आणि करकचून थांबतात. काका डाव्या सीटवर दाराचं हँडल धरून बसतात आणि प्रत्येक ब्रेकला फक्त "हं" म्हणतात.

परवा ते मला बागेत घेऊन गेले. वजन केलं नाही. धरणाजवळ रस्ता रुंद होतो तिथे काकूंनी, कुणी न सांगता, गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. काकांनी खिडकीची काच खाली केली. वारा आत आला.

"पाणी किती आहे गं?" त्यांनी विचारलं.

"काठापर्यंत आलंय. पलीकडच्या बाजूला दोन बगळे आहेत. एक उडतोय बघा आता, डोंगराकडे."

मी मागच्या सीटवर वाट बघत होतो. दोनच कशावरून, बगळेच कशावरून, असं काहीतरी आता येणार.

"बरं," काका म्हणाले, आणि डोंगराकडे तोंड करून बसले.