रंगराव अस्वलाचा मुका टेप

एका जंगलात, बालमित्रांनो, धड रस्ता नव्हता, पण वडाप जोरात चालायचं. वडाप म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर सांगतो. जीपमध्ये जेवढे बसू शकतात त्याच्या दुप्पट कोंबायचे आणि वर 'अजून एक बसतंय' म्हणून ओरडायचं, याला वडाप म्हणतात.

त्या जंगलात रंगराव नावाचं एक अस्वल होतं. अंगाने केसाळ आणि स्वभावाने हौशी. जंगलाचे राजे सिंहमहाराज यांनी नवी गाडी घेतली, तेव्हा त्यांची जुनी जीप रंगरावाने विकत घेतली. त्यापायी आजोबांच्या वेळचं मधाचं पोळं गेलं. आता जीप चालली तर घर चालणार होतं. नाहीतर रंगरावाला उतारवयात पुन्हा दरवेशाच्या डमरूवर नाचायला जावं लागणार होतं.

जीप झकास होती. फक्त तिचा टेप वाजत नव्हता. बटण दाबलं की काचेवर अक्षरं उमटायची, 'मेमरी कार्ड नाही. कार्ड घाला.'

तुम्ही म्हणाल, नाही वाजला टेप तर काय बिघडलं? मुलांनो, तुम्ही वडापमध्ये बसलेले दिसत नाही. थांब्यावर शेजारीच भैरू रानडुकराची जीप उभी असायची. तिच्यात गाणी इतकी मोठ्यांदा वाजायची की बोरीची पिकली बोरं खाली पडायची. बाजाराच्या दिवशी हरणं, ससे, रानकोंबड्या सगळे धावत भैरूकडे जायचे. रंगरावाच्या जीपमध्ये एक म्हातारं कासव तेवढं बसायचं. तेही त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून.

"गान्याबिगर वडाप? मयताला चाललाईस व्हय रं?" भैरू सुळे दाखवत विचारायचा.

रंगरावाच्या हे फार जिव्हारी लागायचं.

तो माकडाच्या गॅरेजात गेला. माकडाने टेप उपसून काढला, उलटा केला, कानाशी हलवला आणि शेवटी दोन चापट्या मारल्या.

"कार्ड मागतोय," माकड म्हणालं.

"ते मलाबी दिसतंय की."

"मग टेप चांगला हाय. घरी जावा."

जाता जाता माकडाने जीपचा हॉर्न बदलला. हॉर्नला काही झालं नव्हतं. पण गाडीला हात लावलाय म्हटल्यावर काहीतरी बदलल्याशिवाय माकडाला चैन पडेना.

मग रंगराव कोल्ह्याच्या दुकानी गेला. कोल्ह्याने नवंकोरं कार्ड घातलं. काचेवर अक्षरं आली, 'हे कार्ड आपलं नाही. आपलंच कार्ड घाला.'

"राजघराण्यातला टेप हाय, रंगराव," कोल्हा कौतुकाने म्हणाला. "कुनाच्याबी हातचं घेत न्हाई." आणि त्याने रंगरावाच्या गळ्यात दोन मोठे स्पीकर आणि लाल-हिरव्या दिव्यांची माळ मारली. आता जीप लखलखत होती आणि मुकी होती.

घुबड ज्योतिष सांगायचं. त्याने डोळे मिटून सांगितलं, की कार्ड जंगलातच आहे, नाहीतर जंगलाबाहेर.

असा रंगराव अख्ख्या जंगलाला विचारून आला. फक्त एकीला विचारायचं राहिलं. ती त्याच्याच घरात राहायची. त्याची बायको आक्काताई. बायकांना गाडीतलं काय कळतंय, असं रंगरावाचं मत होतं, आणि ते त्याने तिला पुष्कळदा ऐकवलंही होतं.

एके दिवशी रंगराव घरी आला तो थेट माळ्यावर चढला आणि जुनी घुंगरं शोधू लागला. आक्काताई मोहाची फुलं निवडत होती.

"अवो, घुंगरं कशाला?"

"नाचाया जातो. कार्ड काय घावत न्हाई."

"कंचं कार्ड? ते नखाएवढं, काळं?"

रंगराव माळ्यावरून पडायचाच बाकी राहिला.

"मीच काढलं की," आक्काताई म्हणाली. "पूजेदिवशी. जुन्या मालकाची नजर गाडीत ऱ्हाऊ ने म्हनून त्याची एक वस्तू बांधून टाकत्यात. चाक काढू का काच काढू? ते बारकं दिसलं, तेच बांधलं."

जीपच्या आरशाला लाल फडक्याची पुरचुंडी लटकत होती. रंगरावाचं नाक रोज तिला घासायचं.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलं कुटं? आनि ऐका माजं, बांधलंय ते बांधूनच ऱ्हाऊ द्या."

रंगरावाने ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही अभ्यासाला बसला असता.

बाजाराच्या दिवशी रंगराव थांब्यावर ओरडला, "या, या! आज आपल्याकडं गानी!" नवे स्पीकर बघून सगळे धावत सुटले. जीप खचाखच भरली. रंगरावाने कार्ड घातलं. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. कासवानेसुद्धा.

आणि स्पीकर गरजले, "माझ्या लाडक्या प्रजाजनांनो!"

कार्डात गाणं एकही नव्हतं. महाराजांनी आपलीच भाषणं भरून ठेवली होती. कुरणं सर्वांची आहेत, फक्त सशांनी थोडा धीर धरावा, असं पहिलं भाषण होतं.

रंगरावाचा पंजा बटणाकडे गेला. थांब्यावर हवालदार तरस उभं होतं.

"म्हाराजांचं भाषन बंद करतोस व्हय?"

पंजा तिथूनच वळला आणि हनुवटी खाजवू लागला. भाषण चालू असताना उतरणं हाही गुन्हाच. एक भाषण संपलं की दुसरं आपोआप सुरू व्हायचं. बाजार येईपर्यंत कोंबड्या रडकुंडीला आल्या. पुढच्या बाजाराला कासवही आलं नाही. त्या स्पीकरवर त्याला ऐकू यायला लागलं होतं.

तरसाने महाराजांच्या कानावर घातलं. महाराज खूश झाले. प्रत्येक वडापमध्ये या कार्डाची नक्कल वाजलीच पाहिजे, असा हुकूम सुटला. भैरूची गाणी बंद झाली. सगळं जंगल बाजाराला पायी जाऊ लागलं. रंगरावाने मुकाट्याने घुंगरं पुसायला घेतली.

तेव्हा मात्र आक्काताई उठली. भर थांब्यावर, तरसाच्या नाकासमोर, तिने जीपमधलं कार्ड खस्सकन ओढून काढलं. भाषण अर्ध्यात तुटलं. तरस दांडका घेऊन धावलं.

"हवालदारभाऊ," आक्काताई म्हणाली, "म्हाराजांचा आवाज ह्यो! कोंबड्यांच्या घानीत ठेवायचा? तुमास्नी काय वाटत न्हाई?"

तिने कार्ड लाल फडक्यात बांधलं, आरशाला लटकावलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून हात जोडले. तरसाने दांडका खाली केला. पूजा थांबवावी तरी पंचाईत. त्याने टोपी काढली, हात जोडले, आणि खोबऱ्याचा तुकडा घेऊन निघून गेलं.

आता अख्ख्या जंगलात फक्त रंगरावाच्या जीपमध्ये शांतता असते. बाजाराच्या दिवशी टपावरही जागा मिळत नाही. जो चढतो तो आधी पुरचुंडीला हात लावून नमस्कार करतो आणि मग निवांत झोपतो. भैरूसुद्धा आपली जीप थांब्यावर गरजत ठेवून मागच्या शिडीला लोंबकळत येतो.

घुंगरं आक्काताईने भंगारात दिली. आणि महाराज? प्रजेची एवढी भक्ती ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

तात्पर्य : ज्याचं ऐकायचं नसेल, त्याची पूजा करावी.