देवमासे दोन, पिल्लू एक

जे कागदावर नाही ते घडलेलं नाही, आणि जे कागदावर आहे ते घडलंच पाहिजे असं काही नाही. या दोन खांबांवर आधुनिक उद्योग उभा आहे. चाकणजवळची एक कंपनी, जी गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पिना बनवते, ती या बाबतीत आदर्शच म्हणायला हवी. तिथे शिफ्ट सकाळी सातला सुरू होते आणि दिवसभराचा तपासणी तक्ता सात वाजून दहा मिनिटांनी भरून तयार असतो. (उरलेला वेळ उत्पादनाला मोकळा मिळतो.)

या व्यवस्थेत एकच खोट होती, आणि तिचं नाव नौशाद. शेवटच्या तपासणीवर नऊ वर्षं काम, तेही कंत्राटी. हा गृहस्थ प्रत्येक पिन हातात घेई, मापाच्या गेजमध्ये घालून बघे आणि मगच सही करी. त्याचा सुपरवायझर अवधूत सांगून सांगून थकला. "नौशादभाई, पिना काय पळून जाणारेत का? आधी सही करा, मग बघत बसा निवांत." नौशाद मान डोलवी आणि पुढची पिन उचली.

यंदा मात्र त्याचं नाव कायम होणाऱ्यांच्या यादीत लागलं. त्याची बायको साबिया हिने ही बातमी दृष्ट लागेल म्हणून सख्ख्या बहिणीलाही सांगितली नाही. दर अकरा महिन्यांनी कंत्राट संपायचं, नवं येईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, असं नऊ वर्षं चाललं होतं. आता ते संपणार होतं.

कायम होण्यासाठी अटी तीन: हजेरी, वर्तणूक आणि 'निसर्गानुभवातून नेतृत्वविकास'. तिसरी अट मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख अरुंधती मॅडमची. देवमाशाच्या डोळ्यात पाहिलेला माणूस पुन्हा ओव्हरटाइमची तक्रार करत नाही, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. (देवमाशाचं मत घेतलेलं नव्हतं.) त्यानुसार 'कयाकमधून देवमासे निरीक्षण व तंबूनिवास' असा तीन दिवसांचा कार्यक्रम सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ठरला. मार्गदर्शक पिंपळे गुरवचा विक्की. तो गेल्या वर्षापर्यंत पवना धरणाकाठी तंबू भाड्याने देई, आणि गणपतीनंतर देवमाशांचा तज्ज्ञ झाला होता.

कयाक म्हणजे दोन माणसांची अरुंद होडी. तिच्यात पाय लांब करता येतात, मत बदलता येत नाही. सराव कंपनीच्या कँटीनमध्ये झाला. एकामागे एक खुर्च्या, हातात फरशी पुसायचे दांडे. बत्तीसपैकी एकोणतीस उत्तीर्ण, तिघे खुर्चीवरून पडले. पोहता येणारे चार. पोहता येतं असं लिहून दिलेले बत्तीस.

बस कराडच्या पुढे गेली, पोटात मिसळ स्थिरावली, तेव्हा अवधूतने 'देवमासा दर्शन अहवाल' वाटला. रकाने चार: वेळ, संख्या, पिल्लू, भावना. भावनेसाठी पर्याय दिले होते: भारावलो, प्रेरित झालो, दोन्ही. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे अहवाल बसमध्येच भरायला घेतले. वेळ सात चाळीस ठरली, कारण आठला पोहे होते. संख्येवर जरा चर्चा झाली. एक म्हणजे कंजूषपणा, तीन म्हणजे थापा. दोन मोठे आणि एक पिल्लू लिहा, मॅडमना कुटुंब आवडतं, असं अवधूतने सुचवलं आणि ते सर्वानुमते संमत झालं. एकतीस अहवाल कोल्हापूर यायच्या आत पूर्ण झाले. नौशादने आपला कोरा कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोळा कयाक समुद्रात लोटल्या. बरोबर सात चाळीसला विक्कीने शिट्टी फुंकली. प्लांटचे प्रमुख शरच्चंद्र सरांनी पश्चिमेकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पश्चिमेला त्या वेळी पाणी होतं. सात पंचेचाळीसला सगळे पोह्यांच्या दिशेने वळले.

नौशादची कयाक मागे राहिली, कारण त्याचा जोडीदार, स्टोअरचा मालोजी, पोट धरून डोळे मिटून बसला होता आणि वल्ही एकट्या नौशादच्या हातात होती. आठ पंचवीसला कॉम्प्रेसरची हवा सुटावी तसा आवाज आला. समोर पाणी उंच उडालं, मग एक काळी पाठ वर आली आणि येतच राहिली, कंपनीच्या बसपेक्षा लांब. कयाक हलली. नौशादला इतकी भीती वाटली आणि इतका आनंद झाला की त्याला रडू फुटलं.

"मालोजी, बघ. अरे बघ ना."

मालोजीने एक डोळा उघडला, नीट पाहिलं आणि परत मिटला. "मला न्हाई काय दिसलं भावा. माझा फॉरम भरलाय."

किनाऱ्यावर येऊन नौशादने अहवाल लिहिला. वेळ आठ पंचवीस, संख्या एक, पिल्लू नाही. भावनेचे तिन्ही पर्याय खोडून लिहिलं, 'भीती वाटली, बरं वाटलं.'

सोमवारी या तफावतीवर बैठक झाली. पद्धतीप्रमाणे दोष शोधताना पाच वेळा 'का' विचारायचं असतं. एकच का दिसला? एकच होता. इतरांना दोन का दिसले? माहीत नाही. वेळ वेगळी का? तेव्हाच आला. तुम्ही तिथे का होता? मालोजीला उलट्या होत होत्या. मग दिसलाच का? पाचव्याला मूळ कारण हाती आलं, आणि इतिवृत्तात नोंदलं गेलं: कर्मचारी समुद्राकडे पाहत होता.

"तुम्ही खोटं बोलता असं कुणीच म्हणत नाही," अरुंधती मॅडम मायेने म्हणाल्या. "पण एकतीस माणसं एकीकडे आणि तुम्ही एकटे. टीममध्ये असं चालतं का?" शरच्चंद्र सरांनी ड्रॉवरमधून कायमपणाचं पत्र काढून दाखवलं आणि परत आत ठेवलं. यादी उद्या जाणार होती.

घरी साबियाने सगळं ऐकून घेतलं. "मासा तुम्ही पाहिला, ते अल्लाला माहीत आहे," ती म्हणाली. "कंपनीला कळायलाच हवं असं कुठंय?"

दुसऱ्या दिवशी त्याने नव्या कागदावर लिहिलं: सात चाळीस, दोन, पिल्लू एक, भावना दोन्ही. सही करताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. पत्र मिळालं, पेढे वाटले, साबियाने बहिणीला फोन केला.

आठवडाभर तो पिना पूर्वीसारख्याच बघत होता. पण जो माणूस न पाहिलेल्या पिल्लाची साक्ष देतो, त्याने बोटभर पिनेसाठी कुठवर अडून बसायचं? हल्ली त्याचाही तक्ता सात दहाला तयार असतो, आणि अवधूत नव्या पोरांना त्याचं उदाहरण देतो.

वाचकहो, तुम्हाला नौशादचा राग आला असेल, आणि तो यायलाच हवा. आता फक्त गेल्या सर्व्हिसिंगचा कागद काढा. 'ब्रेक तपासले, गाडी चालवून पाहिली, समाधान झाले' असं त्यावर छापलेलं आहे. गाडी तेव्हा अजून आत धुतली जात होती, आणि खाली ग्राहकाची सही तुमची आहे.